चौथा प्लॅन

१

कंपनीच्या वेबसाइटवरचं किमतींचं पान आदल्या संध्याकाळी कुलूपबंद झालं तेव्हा त्यावर तीन प्लॅन होते. सकाळी ते जगासाठी उघडलं तेव्हा चार निघाले.

कंपनी लहानशीच होती. ॲप बनवणाऱ्या लोकांसाठी ती एक अवजार विकायची. ॲप एकदा लोकांच्या फोनात गेलं की त्याचं पुढे काय झालं ते बनवणाऱ्याला कळत नाही. कोणी उघडतंय का, मध्येच बंद पडतंय का, काही पत्ता नसतो. हे अवजार ॲपच्या पोटात बसवून दिलं की ते तिकडून खबर पाठवत राहतं. मूल शिकायला बाहेरगावी गेल्यावर कोणाकडून तरी त्याची खुशाली कळत राहावी, तसं.

या अवजाराच्या नव्या किमती ठरवायला मालकीणबाईंनी बाहेरून एक सल्लागार आणली होती. ऑफिसात सगळे तिला किंमतबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही. पन्नाशीला टेकलेली, एकटी, एका बॅगेत मावेल एवढाच संसार असलेली. एका गावात उतरायचं, लोकांना खोदून खोदून विचारायचं की याचे किती द्याल आणि कितीला सोडून द्याल, आणि किंमत ठरली की बॅग उचलायची. आई होती तोवर नव्या गावात उतरल्यावर पहिला फोन आईला जायचा, "पोहोचले गं." आई गेल्यावर तो फोन कोणाला करायचा हे काही ठरलं नाही. मोठा भाऊ होता. त्याच्याशी भांडण नव्हतं, तसं बोलणंही नव्हतं. या गावात उतरली त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत तिने सवयीने फोन हातात घेतला होता आणि वेळ बघितल्यासारखं करून खाली ठेवला होता.

तिने ठरवलेले प्लॅन सरळ होते. पहिला फुकट. त्यात पूर्वीसारखंच, ॲप आज किती फोनांवर आणि किती वेळा उघडलं एवढंच दिसणार. मधला महिन्याला एकोणपन्नास. त्यात फोन कोणता आहे, ॲपमधलं काय वापरात आहे आणि काय नुसतं पडून आहे, हे रकानेही उघडणार. मोठा तीनशे नव्व्याण्णव, त्यात सगळं. आणि सगळ्यांना एक अट होती. अवजाराची जुनी आवृत्ती आता बंद. त्या आवृत्तीची खबर घ्यायला एक जुनाट मशीन भाड्याने ठेवलेलं होतं, ऑफिसच्या बोलीत त्याला 'जुनं दार' म्हणत. ते महिनाअखेर बंद व्हायचं होतं, आणि फुकटवाल्यांच्या जुन्या नोंदी, म्हणजे त्यांचा 'इतिहास', पुसला जाणार होता.

आज सकाळी चौथ्या रकान्यात लिहिलेलं निघालं ते असं:

एकच ॲप. एका वेळी एकच फोन. जुनं दार उघडं राहील. इतिहास कधीही पुसला जाणार नाही. महिन्याला चारशे तेरा.

ॲपवाल्यांच्या जगात हशा पिकला. सगळ्यात कमी मिळतंय त्याची किंमत सगळ्यात जास्त! 'ही कंपनी किंमत ठरवताना डोळे मिटते की काय' असं कोणीतरी लिहिलं, आणि ते पुढे पाठवायला शेकडो लोक मोकळेच होते.

मालकीणबाई केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. "पाच वाजता पैसे लावणारे लोक येतायत. त्यांच्यासमोर हे पान दाखवू मी? पान बदलायचा पासवर्ड चौघांकडे होता, आणि चौघं एकच पासवर्ड वापरतात, त्यामुळे मशीन काही सांगत नाही. मला चार वाजेपर्यंत नाव पाहिजे."

"मी किमती ठरवते," किंमतबाई म्हणाली, "चोर पकडत नाही."

"तुम्ही बाहेरच्या आहात. आणि इतके दिवस माणसांना प्रश्नच विचारताय ना? आणखी चार विचारा."

तेवढ्यात टेबलावरचा फोन किणकिणला. मालकीणबाईंनी तो उचलून वाचला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"चौथा प्लॅन कोणीतरी विकत घेतला. नाव नाही, नुसते पैसे आलेत," त्या म्हणाल्या.

२

आता गंमत बघा. चौथा प्लॅन पानावरून पुसणं क्षणाचं काम होतं. पण मालकीणबाईंनी पहिल्या वर्षी, हातात मोजके ग्राहक असताना, एक नियम केला होता आणि तो भिंतीवर फ्रेम करून लावला होता. विकलेला प्लॅन वर्षभर मोडायचा नाही. त्याच नियमावर कंपनीचं नाव झालं होतं. म्हणजे एका ग्राहकापायी जुनं दार आता वर्षभर उघडं ठेवणं आलं.

"मला माहीत आहे कोणाचं काम आहे ते," मालकीणबाई म्हणाल्या. "मदतताईचं."

मदतताई म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी. गेल्या बैठकीत ती अक्षरशः हातापाया पडली होती, की लहान ॲपवाल्यांचा इतिहास पुसू नका, ते बिचारे घरी एकटे बसून रात्रंदिवस राबतात. चौथ्या प्लॅनमधलं 'इतिहास पुसला जाणार नाही' हे वाक्य जवळजवळ तिच्याच तोंडचं.

"चारपर्यंत दुसरं नाव आलं नाही, तर मी तिला काढते. तिच्या घरी तिच्या एकटीचा पगार आहे, हेही मला माहीत आहे. पण माझा नाइलाज आहे."

किंमतबाईने छापून घेतलेलं पान समोर धरलं. तिचा अनुभव सांगत होता की प्रत्येक प्लॅन म्हणजे एक कुंपण असतं. कुंपणाकडे नीट पाहिलं की आत कोणाला ठेवायचंय ते कळतं. मदतताईला लहान ॲपवाले वाचवायचे असते, तर तिने स्वस्त प्लॅन लिहिला असता. हा तर महाग होता. कोणाला खोडी काढायची असती, तर त्याने एक रुबाबदार, गोल आकडा टाकला असता. विकायचा असता, तर आकड्याच्या शेवटी नऊ आला असता. दुकानदारीत चारशे तेरा असा आकडा कोणी ठरवत नाही.

आणि हा प्लॅन पान उघडल्याबरोबर विकला गेला होता. हसणाऱ्यांपैकी कोणी चेष्टेत चारशे तेरा मोजत नाही. ज्याने लिहिला त्यानेच घेतला. कशाला? तर कंपनीला तिच्याच नियमात अडकवायला.

म्हणजे या चौघांपैकी एकाचा जीव त्या जुन्या दारात अडकला होता. तिने चष्मा डोक्यावर सरकवला आणि ती उठली.

३

पहिला विक्रीसाहेब. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं त्याहून कडक.

"माझ्यावर संशय? मॅडम, मी असतो तर नऊशे नव्व्याण्णव लावले असते!"

किंमतबाईने त्याला तिचे नेहमीचे दोनच प्रश्न विचारले. जुनं दार चालू ठेवायला महिन्याला काय पडत असेल? आणि हे अवजार तुम्ही स्वतः वापरत असता, तर कितीला सोडून दिलं असतं?

"दाराचं काय, हजार तरी. जास्तच. आणि सोडायचं म्हणाल, तर मी सोडत नाही, मी सवलत मागतो," असं म्हणून तो स्वतःच हसला.

डिझायनरने पान सजवलं होतं. ती डोळ्यांत पाणी आणून बसली होती, पण नोकरीच्या भीतीने नव्हे. चौथ्या रकान्याने तिच्या पानाचा तोल बिघडला होता. "बघा ना, अक्षरसुद्धा वेगळ्या मापाचं! मी मेले तरी असं करणार नाही. दाराचा खर्च? शंभर? आणि मी वापरत असते तर साठाच्या वर एक पैसा दिला नसता."

मदतताई जेवणाच्या खोलीत डबा न उघडता बसली होती. तिला कुणकुण लागलेली होती.

"मॅडम, मी बैठकीत बोलले ते बोलले. पाठीमागून करायचा माझा स्वभाव नाही."

"दाराचा खर्च किती असेल?"

"मला कसं माहीत असणार? पाचशे?"

"आणि कितीला सोडून द्याल?"

"मी नाही, पण आमचे लहान ग्राहक तीसला सोडतात. मग शेवटचं लिहितात, 'आजवर सांभाळलंत, आभार'. ते वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागत नाही." तिने डबा पुढे सरकवला. "तुम्ही जेवलात का?"

असा प्रश्न किंमतबाईला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. ती खोटंच हो म्हणाली.

शेवटचे सर्व्हरकाका. तळघरातल्या थंडगार खोलीत मशीनांच्या घरघरीत ते दिवसभर स्वेटर घालून बसत. कंपनीतले सगळ्यात जुने, आणि सगळ्यात कमी बोलणारे. खोलीत दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर तारांचं खोकं होतं. दुसऱ्या माणसाची वेळ फारशी येत नसावी. काकांनी घाईघाईने खोकं उचललं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

"काका, जुन्या दाराला महिन्याला किती पडतात?"

"पडतात... बरेच पडतात," काका म्हणाले.

"आणि हे अवजार तुम्ही वापरत असता, तर कितीला सोडून दिलं असतं?"

कोपऱ्यात संगणकाचा एक छोटा जुना पडदा होता. बोलता बोलता त्याच्यावर एक हिरवा ठिपका लागला आणि शेजारी आकडा उमटला, एक. काकांनी खोकं तसंच खाली टाकलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, ठिपक्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना आठवलं की समोर कोणी बसलंय.

"सोडायचं कशाला पण?" ते म्हणाले.

किंमतबाईने मान डोलावली आणि ती बाहेर पडली. जिन्यात अर्ध्यावर तिचे पाय थांबले. ज्यांना खर्च माहीत असायचं काही कारण नव्हतं, त्यांनी धडाधड आकडे सांगितले होते. ज्यांच्या हाताखालून दर महिन्याला त्या मशीनचं बिल जातं, त्यांनाच आकडा सुचला नव्हता.

४

"जुन्या दाराचा खर्च मला नेमका सांगा," तिने वर येऊन मालकीणबाईंना विचारलं.

मालकीणबाईंनी संगणकात पाहिलं. "भाडं आणि वीज मिळून..." त्या थांबल्या. "चारशे तेरा."

किंमतबाईने छापलेलं पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"म्हणजे ज्याने हे केलं," किंमतबाई म्हणाली, "त्याला कंपनीकडून काही फुकट नको होतं. कंपनीला एका पैशाचीही झळ लागू नये, एवढं बघून त्याने किंमत लावली. असा चोर मी तरी पाहिला नाही."

"मला कोडी नकोत, नाव हवंय. चार वाजत आले." मालकीणबाईंनी दार उघडून हाक मारली, "मदतताईंना आत पाठवा."

मदतताई आली. पर्स खांद्याला लावूनच आली, कारण आता काय होणार हे तिला पुरतं कळून चुकलं होतं. सगळं ऑफिस खाली मान घालून काम करण्याचं नाटक करत होतं.

"दहा मिनिटं द्या," किंमतबाई म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

तिला तळघरापर्यंत जावंच लागलं नाही. स्वेटर काढून हातावर टाकलेले काका जिन्यावरून वर येत होते.

"ताईला बोलावलं म्हणे आत," ते धापा टाकत म्हणाले. "तिचा काही संबंध नाही. मी केलंय ते."

"मला माहीत आहे, काका. पण कोणासाठी, ते माहीत नाही. वर गेल्यावर हाच पहिला प्रश्न येईल. आधी मला सांगता का?"

काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. "तेवढंच सांगायचं नव्हतं म्हणून तर हा सगळा खटाटोप केला," ते म्हणाले.

५

खाली येऊन काकांनी दुसरी खुर्ची स्वतः पुसून पुढे केली.

"मुलगी आहे मला. कॉलेजात होती तेव्हा सकाळी उठायच्या नावाने बोंब. तिच्यासाठी एक गजराचं ॲप बनवलं. उघडलं की मी लिहिलेली एक ओळ दिसायची. रोज नवी लिहायचो. 'ऊठ, तोंडी परीक्षा आहे.' 'मोजे दारामागे आहेत.' असलंच काहीतरी. ॲपांच्या दुकानात वगैरे कधी टाकलं नाही. फाईल तिला मेलवर पाठवली आणि तिच्या फोनात बसवून दिली. आपलंच अवजार आत घातलं, तेव्हा ही कंपनी नुकती निघाली होती. तिला म्हणायचो, तू उघडलंस की इकडे माझ्याकडे दिवा लागतो, मला फसवू नकोस."

"मग?"

"मग तिला लांब जायचं होतं. मी एकटा, तिची आई नाही. मी नको म्हणालो. ती ऐकेना. मी रागाच्या भरात बोलून गेलो, गेलीस तर हे दार तुला बंद." काकांनी तारांचं खोकं पायाने बाजूला सारलं. "गेली. मी सोडायलासुद्धा गेलो नाही. तिची गाडी सुटली असेल तेव्हा इथे बसून एक ओळ लिहिली, 'पोहोचलीस की कळव.' तिने काही कळवलं नाही. नंबर बदलला. पत्ता कोणाकडेच नाही. पण ॲप राहिलं बघा फोनात. दिवसातून एकदा उघडतं. दिवा लागला की मी समजतो, आहे. बरी आहे."

"नवीन ओळ कधी लिहिली नाहीत?"

"छे. तिच्या लक्षात आलं आणि काढूनच टाकलं तर?" काका दचकल्यासारखे बोलले. "ती ओळ तशीच आहे. आणि आता दार बंद झालं की दिवा बंद. नवी आवृत्ती तिच्या फोनात घालणार कोण? मग म्हटलं, खर्चाएवढी किंमत लावू, आपणच घेऊ. मॅडमना विचारलं असतं, पण मग कोणासाठी ते सांगावं लागलं असतं. मुलगी आहे आणि ती बोलत नाही, हे कसं सांगतात हो लोक?"

किंमतबाईने त्या ठिपक्याकडे बोट केलं. "हा दुपारीच लागला होता. गजराचं ॲप ना हे?"

"वेळेचं काही खरं नसतं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी. पाळ्यांची नोकरी असेल, मी समजून घेतलं."

"काका, तुमचा हा हिशेब आजवर फुकटच्या प्लॅनवरच होता ना? फोन कोणता, काय वापरलं, ते रकाने तुम्ही कधी पाहिलेच नाहीत?"

"माझ्या हातात सगळ्या मशीनच्या किल्ल्या आहेत. पाहता आलं असतं. पण ग्राहकाला दिसतं तेवढंच बघायचं, असं मी ठरवलं होतं. पोरीच्या मागे तिच्या नकळत डोकावणारा बाप नको व्हायला."

"तिला दिवा ठाऊक आहे. नकळत कसलं?" किंमतबाई म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत चाललं होतं. "खबर फुकटवाल्यांचीही सगळी येते, आपण फक्त दाखवत नाही. ती कुलपं जुनीच आहेत, मी त्यांची किंमत तेवढी ठरवली. दोनच रकाने उघडते. ती कुठे आहे हे त्यात नाही. तुम्ही हो म्हणालात तरच."

काकांनी एकदा ठिपक्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

तिने संगणकावर दोन रकाने उघडले. वाचले. पुन्हा वाचले. इतकी वर्षं माणसं काय कशासाठी वापरतात हे बघण्यात घालवलेल्या त्या बाईने ते तिसऱ्यांदा ताडून पाहिलं.

६

"काका, नीट ऐका. पहिला रकाना फोनचा. तिने फोन तीनदा बदललाय."

"असेल. इतकी वर्षं झाली."

"नवा फोन घेतला की दुकानातली ॲपं त्यात आणता येतात. तुमचं ॲप दुकानात नाही. ते फोनात आणायला जुन्या मेलमधली फाईल शोधून काढावी लागते, फोन म्हणतो हे धोक्याचं आहे, तरी हो म्हणून स्वतः बसवावं लागतं. हे तिने एकदा नाही, तीनदा केलंय. ॲप राहून गेलेलं नाही. तिने ते जपलंय."

सगळी मशीनं ज्यांच्या हाताखाली, त्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. भीती वाटणाऱ्या जागी माणूस विचार करायला जातच नाही.

"दुसरा रकाना, काय वापरलं त्याचा. गजर ती गेली तेव्हापासून बंद आहे. एकदाही लावलेला नाही. म्हणजे हे पाळ्यांमुळे नाही की उठण्याच्या वेळेमुळे नाही. ती हे ॲप रोज स्वतःहून उघडते आणि बंद करते. त्यात दुसरं काही नाहीच. एक ओळ आहे फक्त."

"पोहोचलीस की कळव," काका पुटपुटले.

"आणि उघडलं की तुमच्याकडे दिवा लागतो, हे तिला माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं." किंमतबाई म्हणाली. "काका, ती रोज कळवतेय."

काकांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने पुसायला घेतला. मग स्वेटर तोंडावर धरून ते रडले, मशीनांच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार नाही असे. किंमतबाईला अशा वेळी काय करतात ते आठवेना. तिने आपली खुर्ची जरा त्यांच्याजवळ सरकवली.

वर मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "काकांना मुलगी आहे?" आणि स्वतःच ओशाळल्या. पहिल्या दिवसापासून ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्या घरात कोण आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"पानावरून चौथा प्लॅन काढा," किंमतबाई म्हणाली. "पण विकलेला मोडू नका. किंमत खर्चाएवढी आहे, तोटा काही नाही. सल्लागार म्हणून माझं मत विचाराल, तर माझ्या तिन्ही प्लॅनपेक्षा तो नीट विचार करून ठरवलेला आहे."

मालकीणबाईंनी फ्रेममधल्या नियमाकडे पाहिलं. "काढला. आणि काका, पैसे मी घेणार. तुम्हाला उपकार सोसणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण पुन्हा माझ्या पानाला हात लावलात तर खैर नाही."

"नाही लावणार," काका म्हणाले आणि मदतताईकडे वळले. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला..."

"बसा आधी," मदतताईने पर्स खांद्यावरून उतरवली. "जेवलात का तुम्ही?"

पैसे लावणाऱ्या लोकांना पाच वाजता तीन प्लॅनचं पान दाखवलं गेलं. डिझायनरने ते डोळे पुसत सरळ केलं होतं.

७

निघण्याआधी किंमतबाई तळघरात निरोप घ्यायला गेली. काका कीबोर्डसमोर बसले होते. पडद्यावर ती जुनी ओळ होती आणि तिच्याखाली बरंच काही लिहून खोडलेलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. "माफी मागायची आहे. ये म्हणायचं आहे. आणि एवढुशी जागा आहे."

"तिने इतके दिवस एकच गोष्ट कळवली आहे," किंमतबाई म्हणाली. "त्याचं उत्तर द्या आधी."

काकांनी सगळं पुसलं आणि एकच शब्द लिहिला. 'कळलं.' एक क्षण थांबून त्यापुढे 'बाबा' लिहिलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किंमतबाई पुढच्या गावात उतरली. खोली तशीच, एक पलंग, एक खुर्ची, एक ग्लास. बॅग ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. काकांचा मेसेज होता. फोटो होता हिरव्या ठिपक्याचा, आणि शेजारचा आकडा एक नव्हता. अकरा होता. खाली काकांनी लिहिलं होतं, 'सकाळपासून उघडतेय. अजून थांबली नाही.'

किंमतबाई पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने मोठ्या भावाचं नाव शोधलं. शेवटचा मेसेज कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. तिने लिहिलं, 'दादा, पोहोचले.' कुठे, कधी, कशाला, काहीच लिहिलं नाही.

पाठवून झाल्यावर तिला वाटलं, तो बुचकळ्यात पडेल, चुकून आलाय म्हणेल. ती हात धुवायला उठली, तेवढ्यात फोन वाजला. मेसेज नव्हता. दादा स्वतः फोन करत होता.